आमच्या फाट्यावरचा ओतीव फलक: एका पेंटरचा अभिप्राय

आधीच सांगून टाकतो, मी या धंद्यातलाच माणूस. ब्रशवर पोट भरलं, पुढं फ्लेक्सचं मशीन घेतलं, आणि आज लोहारा तालुक्यात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे बोर्ड वाऱ्यानं फडफडतात, त्यातले बरेच माझ्याच दुकानातून गेलेले असतात. त्यामुळं दुसऱ्याच्या हातच्या बोर्डाचं मी कौतुक करत असेन तर त्यात काहीतरी दम असणार, आणि नावं ठेवत असेन तर त्यात थोडी पोटदुखीही असणार. दोन्ही वजा करून वाचा.

वस्तू अशी: ॲल्युमिनियमचा ओतीव माहितीफलक. रुंदी तीन फूट, उंची अडीच फूट, वजन वीस किलोच्या आसपास. एका बाजूला उठावाची अक्षरं, चारी बाजूंनी उठावाचीच काठाची पट्टी. हिप्परग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या फाट्यावर उभा आहे. मजकूर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावर. मराठवाड्यातल्याच एका एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीनं करून दिला. नाव लिहीत नाही, कारण पुढं त्यांची उणीदुणीही येणार आहेत. फलकाचे अठ्ठावीस हजार; खांब, काँक्रीट, टेम्पोभाडं धरून छत्तीसपर्यंत गेलं. गावानं वर्गणी केली.

ही कल्पना आमच्या डोक्यातली नव्हे. माझी पुतणी अमेरिकेत डेलावेअर राज्यात डोव्हरला असते. तिनं एक दिवस फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "काका, तुमच्या कामाचं आहे बघा." रस्त्याच्या कडेला एक खांब, त्यावर धातूचा फलक, वर मोठ्या अक्षरात नाव, खाली मोजक्या ओळी. ना कुणाचा फोटो, ना हार, ना हात जोडलेले पुढारी. मी मजकूर बाजूला ठेवला आणि अक्षरं मोठी करून बघत बसलो. ही अक्षरं रंगवलेली नव्हती, चिकटवलेलीही नव्हती. फलकातूनच वर आलेली होती.

तिकडं हे फार जुनं आहे म्हणे. व्हर्जिनिया राज्यात १९२७ पासून असे फलक लागत आले, चंदेरी पाटीवर काळी अक्षरं. पेनसिल्व्हेनियाचे निळे, त्यावर सोनेरी अक्षरं. मोटारी वाढल्या, लोक हिंडायला लागले, तेव्हा गाडी थांबवून वाचावं म्हणून हा उद्योग सुरू झाला. आमच्याकडं गाड्या वाढल्या तेव्हा रस्त्याकडंला गुटख्याच्या आणि सिमेंटच्या जाहिराती आल्या. त्या भिंती मीही रंगवल्यात, तक्रार कशाला करू.

पुतणीच्या फोटोत ज्याचं नाव होतं तो सीझर रॉडनी. मला कुठला माहीत असायला! फोन लावला तेव्हा तिनं सांगितलं. जन्म १७२८, डोव्हरजवळच्या शेतवाडीवर. १७७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात तेरा वसाहतींचे प्रतिनिधी बसलेले, इंग्रजांपासून सुटायचं की नाही यावर मतदान. एका वसाहतीला एक मत. डेलावेअरचे तीन प्रतिनिधी, त्यातले दोनच हजर. एक मॅककीन, तो स्वातंत्र्याच्या बाजूचा. दुसरा रीड, तो विरोधात. म्हणजे डेलावेअरचं मत बाद झाल्यात जमा. तिसरा रॉडनी घरी. त्याला निरोप गेला आणि हा गडी रात्रीच निघाला. पाऊस, विजा, चिखल, आणि अंतर ऐंशी मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या लातूरहून सोलापूर गाठण्याइतकं. त्यातही याला दमा, आणि तोंडावर कॅन्सरची गाठ. २ जुलैला पोचला, मत दिलं, डेलावेअर स्वातंत्र्याच्या बाजूनं गेलं. पुढं तो त्या राज्याचा प्रमुखही झाला, पण लोकांच्या ध्यानात राहिली ती एक रात्र.

१९९९ मध्ये तिकडच्या सरकारनं एकेका राज्याच्या नावाची पंचवीस सेंटची नाणी काढायला सुरुवात केली, त्यातलं पहिलंच नाणं डेलावेअरचं, आणि त्यावर घोड्यावरचा हा रॉडनी. पुतणीनं ते नाणं कुणाच्या तरी हाती पाठवलं. माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. बोटाच्या पेरात मावेल एवढ्या जागेत घोड्याचे चारी पाय वेगळे दिसतात. त्या ठशापुढं मी हात जोडले.

पण एक बाजू अजून आहे आणि ती पुतणीनं लपवली नाही. स्वातंत्र्यासाठी रात्रभर घोडा पळवणाऱ्या या माणसाच्या शेतीवर गुलाम राबत होते. विल्मिंग्टन शहराच्या चौकात त्याचा घोड्यावरचा मोठा पुतळा होता, तो २०२० मध्ये काढून ठेवला. मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. गुरुजी म्हणजे आमच्या गावातले निवृत्त शिक्षक, आयुष्यभर इतिहास शिकवलेले. ते म्हणाले, "पुतळ्याची हीच अडचण. पुतळा नुसता उभा राहतो, बोलत नाही. फलकावर दोन्ही गोष्टी लिहिता येतात." मग जरा थांबून म्हणाले, "लिहायची दानत असली तर."

गुरुजी त्या दिवशी दुकानात आले होते ते वेगळ्याच कामाला. १७ सप्टेंबर जवळ आलेला, मुक्तिसंग्राम दिनाचा फ्लेक्स करायचा होता. दरवर्षी करतो. वर स्वामीजींचा फोटो, भगव्या कफनीतला, इंटरनेटवरून उतरवलेला, मोठा केला की फुटणारा. खाली शुभेच्छुकांची रांग. एका वर्षी तर रांग इतकी वाढली की स्वामीजी कोपऱ्यात स्टॅम्पएवढे उरले. गुरुजींनी नाणं बघितलं, मोबाइलवर फलक बघितला आणि म्हणाले, "पेंटर, यंदा फ्लेक्स नको. हे होतंय का बघ."

माझ्या धंद्यावर कुऱ्हाड, पण होतंय का बघितलं.

आता फाउंड्रीच्या कामाबद्दल. पहिली गोष्ट, त्यांचा दर अक्षरावर. प्लेट, धातू, घासाई, रंग यांचे ठरलेले पैसे, आणि वर अक्षरामागं पस्तीस रुपये. काना, मात्रा, वेलांटी धरून एक अक्षर. जोडाक्षर एक की दोन यावर फोनवर बरीच हुज्जत झाली. शेवटी "क्ष, ज्ञ, त्र एक; बाकीची जोडाक्षरं दीड" असा तह ठरला. ऐकायला हसू येतं, पण या दरानं आमच्या गावावर जे उपकार केले ते कुठल्या व्याख्यानानं केले नसते.

झालं असं की गुरुजींनी लिहिलेला पहिला मसुदा पानभर होता. "मराठवाड्याच्या मातीत स्वातंत्र्याची ज्योत चेतवणारे, त्यागमूर्ती, तपस्वी, तेजस्वी, थोर…" आणि हे सगळं नावाच्या आधी. नुसत्या अक्षरांचा हिशेब तीस हजारांवर गेला. वर्गणीची वही समोरच होती. मग काटाकाटी सुरू झाली. तेजस्वी गेले, तपस्वी गेले. त्यागमूर्तीवर गुरुजी अडून बसले. मी म्हणालो, "गुरुजी, त्याग काय केला ते लिहा की, तेवढ्याच पैशात." ते गप्प झाले आणि त्यांनी पेन घेतलं. फ्लेक्सवर शब्दाला किंमत नाही, चौरस फुटाला आहे. म्हणून फ्लेक्सवर माणूस काहीही लिहितो.

नरसिंह रावांवरूनही वाद झाला. पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव स्वामीजींना गुरू मानायचे, हे खरं आहे. पोरांचं म्हणणं, हे टाकलंच पाहिजे, लोकांना लगेच कळतं. गुरुजींनी काढलं. शिष्याच्या खुर्चीवरून गुरूची उंची मोजायची नाही, म्हणाले. मला पटलं, तेवढेच सहाएकशे रुपयेही वाचले.

मग आले वाडेवाले. गावात तीन घरं अशी निघाली की ज्यांच्याकडं स्वामीजी मुक्कामाला होते. एकाच्या आजोबांनी त्यांना भाकरी बांधून दिलेली, दुसऱ्याच्या ज्वारीच्या कणगीत पत्रकं लपवलेली, तिसऱ्याच्या माळवदावर बैठक झालेली. तिघांनाही फलकावर आपला वाडा हवा. यातलं काही खरं असेलही. सगळंच खरं असेल. पण कागद? पुतणीनं सांगितलं होतं की न्यूयॉर्क राज्यात पोमरॉय फाउंडेशन नावाची संस्था अशा फलकांना पैसे देते, पण त्या काळातला मूळ कागद दाखवल्याशिवाय एक ओळ मान्य करत नाही. गुरुजींनी तोच नियम गावाला लावला. "ज्याच्याकडं त्या काळातलं पत्र, वही, पावती काही असेल त्यानं आणावी." १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातले वाडे पडले, पेट्या मातीखाली गेल्या, कागद कुठून आणायचे? कुणी आणला नाही. कुणाला खोटं म्हटलं नाही, कुणाचं टाकलंही नाही. एक घर अजून माझ्या दुकानात येत नाही.

शेवटी जो मजकूर गेला तो हा:

स्वामी रामानंद तीर्थ
१९०३ – १९७२
मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत १९२९ पासून मुख्याध्यापक. १९३२ साली संन्यास. १९३५ नंतर अंबाजोगाईत शिक्षणकार्य. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगवास. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष. हैदराबाद संस्थान भारतात यावे म्हणून लढा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अटक. दोन वेळा लोकसभेवर.
– ग्रामस्थ

बस. एक विशेषण नाही. मला यातली सगळ्यात आवडती ओळ अटकेची. सगळा देश झेंडा लावत होता त्या दिवशी हा माणूस तुरुंगात गेला, कारण आपलं संस्थान अजून निजामाकडं होतं. आपल्याला तेरा महिने जास्त लागले, पोलीस ॲक्शन होऊन १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत. फाट्यावर थांबलेली कॉलेजची पोरं ती तारीख वाचून "अटक? पंधरा ऑगस्टला?" असं एकमेकांना विचारतात. तिथं फलकानं आपलं काम केलं.

सरपंचांचा किस्सा सांगायलाच पाहिजे. ते दुकानात आले, स्क्रीनवर डिझाइन बघितलं, वरखाली केलं. "पेंटर, फोटो कुठं टाकलालाव?"

"ओतीव कामात फोटो येत नसतो, सरपंच."

"आमचा बी येत नाही?"

"कुणाचाच नाही."

फाउंड्रीवाला उठावाचा चेहराही करून देतो, जादा पैशात. हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. सरपंच भला माणूस, "मग ग्रामस्थ लिवा" म्हणाला आणि स्वतःची वर्गणीही वाढवून दिली.

रंगावर मात्र दोन बैठका गेल्या. भगवा म्हटलं की एकजण खूश, दुसरा नाराज. निळ्याचं तसंच, हिरव्याचं तसंच. पांढऱ्यावर काळं म्हणजे दहाव्याच्या कार्डासारखं, असं एक म्हातारी म्हणाली आणि तो विषय संपला. मी चॉकलेटी सुचवला. रस्त्यावर लेणी, किल्ले, देवस्थानं दाखवणाऱ्या पाट्या तपकिरीच असतात, तेव्हा वाहनवाल्याच्या डोळ्याला सवय आहे, आणि आजवर कुठल्या पक्षानं तो घेतलेला नाही. चॉकलेटीवर साय रंगाची अक्षरं. लांबून छान उठतात.

आता कारागिरी. ओतकाम बघायला मी मुद्दाम गेलो, कारण देवनागरीचं यांना जमेल का ही शंका होती. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एकेक अक्षर पाटीवर चिकटवलं की झालं. आपला शब्द शिरोरेघेला टांगलेला. म्हणून हे लोक अख्खा शब्द ॲक्रिलिकच्या एका तुकड्यात मशीनवर कापतात आणि पाटीवर चिकटवतात. त्या पाटीला पॅटर्न म्हणायचं. पॅटर्न चौकटीत ठेवून वर वाळू ठासतात, मग उलटवून पॅटर्न अलगद वर काढतात, वाळूत अक्षरांच्या खाचा उमटतात. त्यात वितळलेला धातू ओतायचा. सोपं वाटतं. पण पॅटर्न वर येताना अक्षराच्या कडा वाळूला घासल्या की वाळू तुटते, म्हणून कडांना थोडा उतार द्यावा लागतो, वर निमुळतं, खाली रुंद. जास्त उतार दिला की अक्षर जाड आणि मठ्ठ दिसतं, कमी दिला की वाळू फाटते. आपल्या लिपीत तर बारीक पोकळ्या फार. "व"चं पोट, "थ"ची गाठ, शिरोरेघ आणि वेलांटीच्या मधली चिंचोळी जागा. तिथं वाळूचा दाणाभर खांब उभा राहतो. तो पडला की त्या जागी धातू जातो आणि अक्षराचं पोट भरून निघतं.

मालकानं सिलिकॉन घातलेलं ॲल्युमिनियम वापरलं, एलएम-६ म्हणतात त्याला, पातळ जागेतही पळतं. ओतणारा माणूस वयस्कर होता. पळीतला धातू एका दमात, न थांबता ओतला, मधे धार तुटू दिली नाही. त्याचा हात बघूनच मला वाटलं, इथं ब्रश धरला असता तरी याची रेघ सरळ आली असती.

तरी पहिला फलक बिघडलाच. घासून पुढं आणला तर स्वामीजींच्या नावातला रफार गायब. खाचेत वाळूचा खडा पडलेला असणार, धातू तिथपर्यंत पोचलाच नव्हता. ठळक अक्षरात "रामानंद तीथ". खाली "अध्यक्ष"मधला "क्ष" भरून गोळा झालेला. आणि इथं फाउंड्रीवाल्यानं जे केलं त्याचा मला राग आला. तो म्हणाला, "लांबी भरून रफार काढून देतो, रंगाखाली कळत नाही." लांबी म्हणजे पुट्टी. अरे बाबा, रंगाखाली काय काय लपतं ते मला सांगतोस? लांबीचा रफार पहिल्या उन्हाळ्यात तडकतो, दुसऱ्या पावसाळ्यात पडतो. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याला हात लागत नाही, धातू फुगतो, आकसतो, लांबी तशी करत नाही. मी सही करायला नकार दिला. अर्धा तास तोंड वाजलं. पण माणूस शेवटी शब्दाला जागला, रफार जरा जाड कापून घेतला, "क्ष"चं पोट मोठं केलं आणि दुसरा फलक फुकट ओतून दिला. तो चांगला आला. हातानं चाचपलं तर शिरोरेघेची वरची कड पट्टीनं आखल्यासारखी लागते, आणि रफाराचं टोक बोटाला टोचतं. तसंच पाहिजे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. रंगाखाली यांनी रेड ऑक्साइड मारलं होतं. रेड ऑक्साइड लोखंडाला. ॲल्युमिनियमवर ते धरत नाही, वरचा इनॅमल पापड निघाल्यासारखा सोलून येतो. ॲल्युमिनियमला आधी वॉश प्रायमर लागतो, धातूला किंचित खाऊन पकड धरणारा. धातूचं काम एवढं येणाऱ्या माणसाला रंगाचं एवढं कळू नये याचं नवल वाटलं. फलक दुकानात आणून मी सगळा रंग काढला, पॉलिश पेपर मारला, वॉश प्रायमर, मग चॉकलेटीचे दोन हात फवाऱ्यानं. अक्षरं ब्रशनं भरायची नाहीत. छोट्या रोलरवर अगदी थोडा रंग घ्यायचा, काचेवर फिरवून पातळ करायचा, आणि फलकावरून हलक्या हातानं न्यायचा. उठावाला तेवढा रंग लागतो, पाटीला लागत नाही. पहिल्यांदा साय रंग अक्षरांवर चढत गेला तेव्हा दुकानातली पोरं मशीन सोडून बघायला आली. या कामाचे मी पैसे घेतले नाहीत, पण फाउंड्रीनं त्यांच्या बिलातून रंगाचे पैसे कमी करायला हवे होते. केले नाहीत. तेवढ्यासाठी एक तारा कापतो.

उभारणीचं त्यांच्याकडं काही नाही, फक्त मागं चार बोल्टांची जागा देतात. परवानगीच्या भानगडीत पडायचं नव्हतं म्हणून रस्त्याच्या हद्दीबाहेर चहाच्या हॉटेलवाल्याच्या जागेत लावला, तो खुशीनं तयार झाला. तीन इंची जीआय पाइप, खाली काँक्रीट. बोल्ट बसवल्यावर नटांवर वेल्डिंगचा टाका मारून टाकला. हे विसरू नका. भंगारवाल्याच्या तराजूत वीस किलो ॲल्युमिनियम म्हणजे चार हजार तरी होतात. तिकडं अमेरिकेतही असे फलक चोरीला जातात म्हणे, म्हणजे या बाबतीत आपण मागं नाही.

वाचनीयता. पेंटरचा हिशेब असा की एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. मजकूर एक इंची, नाव अडीच इंची. चालत्या गाडीतून नाव दिसतं, मजकूर नाही, आणि तो तसा दिसायचाही नसतो. पण नाव वाचून थांबायचं म्हटलं तर गाडी बाजूला घ्यायला जागा हवी. आमच्याकडं हॉटेलपुढं ऐसपैस जागा आहे म्हणून चाललं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले थांबतात, चहा येईपर्यंत वाचतात. एसटीची वाट बघणारे तर किती वेळा वाचतात कोण जाणे. शाळेची लहान पोरं बोटानं अक्षरं गिरवतात, खालच्या दोन ओळींवरचा साय रंग त्यांनी आत्ताच मळवलाय. फ्लेक्सला कधी कुणी हात लावलेला मी बघितला नाही, फाडायला सोडून.

मोठी चूक आमची सगळ्यांची मिळून: फलक एकाच बाजूनं लिहिलेला आहे. पुतणीच्या फोटोतल्या फलकाला दोन्ही बाजूंनी मजकूर होता, खांबाच्या कुठल्याही बाजूनं या. आमच्याकडं लोहाऱ्याकडून येणाऱ्याला नाव दिसतं आणि हिप्परग्याकडून येणाऱ्याला चार बोल्ट. खुद्द हिप्परग्याची माणसं चेष्टा करतात, "आमच्या स्वामीजींची पाठ आमच्याकडं का?" फाउंड्रीवाल्यानं ऑर्डर घेताना विचारायला हवं होतं, त्यांना हे रोजचं आहे, आम्हाला नाही. दोन्ही बाजूंचं काम दीडपट पैशात होतं असं नंतर कळलं. सध्या मागच्या बाजूला मी ब्रशनं "हिप्परगा" आणि बाण काढून दिलाय. ओतीव कामाच्या पाठीवर माझा ब्रश, तेवढीच वसुली.

अजून एक राहिलं. फलक कुठल्या साली उभारला ते आम्ही टाकलंच नाही. उद्या कुणी नवं संशोधन केलं तर हा मजकूर कधीचा ते कळायला हवं. वर्गणीच्या नादात सुटलं.

एकूण काय? कारागिरीला पाचपैकी साडेचार, रंगाला एक, वागणुकीला साडेतीन, किंमत योग्य. अमेरिकेत असाच एक फलक दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो, त्या मानानं आपलं स्वस्तच. माझा फ्लेक्स दोन पावसाळे टिकला तर गिऱ्हाईक खूश होतं. हा फलक, रंग वेळोवेळी मारला तर, माझ्या नातवाच्या नातवालाही दिसेल. हे परवडतं का म्हणून विचारू नका, वर्षाला एक फ्लेक्स आणि त्याची दोरी, बांबू धरून हिशेब घाला.

कुणाला करून घ्यायचा असेल तर एवढं सांभाळा. मजकूर फाउंड्रीला टाइप करून पाठवा, हातानं लिहून नको. कापलेल्या अक्षरांचा पॅटर्न ओतायच्या आधी स्वतः जाऊन बघा, आणि सोबत मराठी नीट येणारा माणूस न्या, कारण तिथं कापणाऱ्याला बरेचदा मराठी वाचता येत नाही. रफार, अनुस्वार, पोटफोड्या "ष" या तीन ठिकाणी बोट ठेवून बघा. रंग त्यांच्याकडून घेऊच नका, नुसता घासलेला फलक आणा. दोन्ही बाजूंचा करा. आणि निम्म्याहून जास्त पैसे आधी देऊ नका, हातात उरलेले पैसे नसते तर आमचे स्वामीजी रफाराविनाच फाट्यावर उभे राहिले असते.